ओहोटीचं माप

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात
मी कुर्ल्याच्या पुलाखाली उभा असतो
चौदा फुटी बांबू घेऊन.
बांबूवर लाल-पांढरे पट्टे, काखेत तक्ता:
पाण्याची खोली, गाळाची जाडी, शेरा.
ठेकेदाराचा इर्शाद डंपर मोजतो,
मी त्याने मोजलेले डंपर मोजतो,
आणि आमचे आकडे कधीच जुळत नाहीत.

नदी म्हणायला मिठी.
विहार भरून सांडला, पवई भरून सांडली
की हिचा जन्म; म्हणजे उरल्यासुरल्याचीच लेक.
आरेच्या झाडीत अजून पोरसवदा आहे,
पाय बुडवून बसावं अशी.
मरोळपासून अंगावर नाले घेते
आणि साकीनाक्याला पोचेपर्यंत
कुणाला माहेर सांगत नाही.
विमानतळाच्या भिंतीपाशी तिला काटकोनात वळवलंय.
काटकोन.
तेहतीस वर्षं नकाशे उलगडतोय,
पाण्याने स्वतःहून काढलेला काटकोन
मला एकदाही दिसलेला नाही.

सबीना किणी येते ती मला हिणवायला.
वय विचारलं तर म्हणते, "सायनच्या बांधाहून लहान."
"काय मापतंस पोरा? घाण?"
पोरा. माझ्या निवृत्तीला पाच दिवस उरलेत.

तिच्या ओट्याला एक लोखंडी कडी आहे,
गंजून खारकेएवढी उरलेली.
मला वाटायचं, कोंबडा बांधायची असेल.
"होरीची हाय. आज्याची होरी इथं लागायची."
मी मान वर करून पाहिलं.
ओट्यापासून नदी चारशे पावलं,
मधे दोन गल्ल्या, भंगाराचा गाळा,
दहावी-बारावीच्या क्लासचा बोर्ड.
"नदी सरकली?"
"ती कुठं जाते? तुम्ही सरकलात.
कुर्लीसारखे. आडवे."

कुर्लीवरून कुर्ला, असं म्हणतात.
चिखलातल्या बिळांचं गाव, साष्टीच्या कडेचं,
पलीकडे मुंबई, मधे खाडी.
पोर्तुगीज आले, पेशव्यांची माणसं आली, इंग्रज आले,
शिक्के बदलले, दप्तरं बदलली,
भरतीची वेळ कुणाला बदलता आली नाही.
मग बांध, मग रूळ, मग गिरणी,
आणि खालच्या अंगाला दलदलीवर टाकलेला भराव.
भरावावर काचेच्या इमारती. त्यांच्या तळघरात
म्हणे रात्रीही पंप चालतात.

दोन हजार पाचच्या जुलैत
सबीना माळ्यावर बसून होती,
मांडीवर शेजारच्या जरीनाचं पोर.
गल्लीभर एकच ओरडा, पाणी घुसलं, घुसलं.
"घुसलं नाय," ती अजून सांगते,
"मागच्या दारानं आलं, कडीपाशी थांबलं,
आज्याच्या वेळी थांबायचं तसं.
मग चढलं."
भिंतीवर छातीइतक्या उंचीला तपकिरी रेघ आहे.
रंगाऱ्याला ती तेवढी बोटभर जागा सोडायला लावते.
मी एकदा टेप लावून पाहिली होती.
आमच्या नोंदीपेक्षा सात इंच जास्त.
नोंद मी दुरुस्त केली नाही.

आज बांबू रोवला. चार फूट पाणी, पाच फूट गाळ.
बांबूबरोबर वर आल्या शाम्पूच्या पुड्या,
तसबिरीची चौकट, आत कुणी नाही,
आणि तिसऱ्या लाल पट्ट्याला धरून
नखाएवढी कुर्ली.
इर्शाद म्हणाला, "साहेब, ही कुठल्या रकान्यात?"

मी पेन काढेपर्यंत पाणी थबकलं.
माहीमकडून भरती आत शिरली होती.
पुड्या जागच्या जागी फिरल्या
आणि नदी उलट्या पावली चालू लागली, कालिन्याकडे.
"थांबावं लागेल," मी म्हणालो,
"भरतीतलं माप आम्ही धरत नाही. नियम आहे."
सबीना लुगड्याला हात पुसत हसली.

"म्हंजे दर साली तुम्ही
ती घरी नसतानाच येता."